क्योतोहून मोजीपर्यंत : लोकल गाड्यांनी सहा जणांचा पाच दिवसांचा प्रवास

विद्यार्थी-विनिमय कार्यक्रमाच्या निमित्ताने मी एका वर्षासाठी क्योतोमध्ये राहत होते. जपानमधील विद्यापीठांना फेब्रुवारी-मार्चमध्ये दीर्घ सुट्टी असते. त्या सुट्टीत, ११ ते १६ मार्च २०२५ या काळात, आम्ही वसतिगृहातील सहा जणांनी होन्शू बेटाच्या पश्चिम टोकापर्यंत आणि तेथून क्यूशू बेटापर्यंत प्रवास केला. दोघे जर्मनीचे, एक तैवानची, एक ब्राझीलचा, एक इंडोनेशियाची आणि मी पुण्याची. पुढच्या वर्षी तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडावा, म्हणून हा वृत्तांत थोडा सविस्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम तिकिटाविषयी, कारण सर्वाधिक गैरसमज त्याबाबतच आढळतात. पर्यटकांसाठी असलेला जेआरचा, म्हणजे जपान रेल्वेचा, देशव्यापी ‘जेआर पास’ आपल्याला मिळत नाही. तो ‘अल्पकालीन अभ्यागत’ म्हणून देशात आलेल्यांसाठी असतो आणि आपला दर्जा ‘र्‍यूगाकू’, म्हणजे शिक्षणासाठी राहणाऱ्याचा असतो. आई-वडील भेटायला आले तर त्यांना तो पास घेता येईल, पण सोबत फिरणाऱ्या आपल्याला नाही. आपल्यासाठी उत्तम पर्याय म्हणजे ‘सेइशुन जूहाचि किप्पू’. नावात ‘अठरा’ असले तरी त्याला वयाची अट नाही. वर्षातून तीनदा, म्हणजे वसंत, उन्हाळा आणि हिवाळ्याच्या सुट्ट्यांत, ठरावीक काळापुरते हे तिकीट मिळते आणि त्यावर जेआरच्या सर्व लोकल व जलद गाड्यांनी देशभर कितीही फिरता येते. शिन्कान्सेन (बुलेट ट्रेन) व एक्स्प्रेस गाड्या मात्र त्यातून वगळलेल्या आहेत. घाईत एखादी एक्स्प्रेस पकडायची झाली, तर केवळ वरचा अधिभार भरून भागत नाही, मूळ भाडेही वेगळे द्यावे लागते.

आधीच्या तुकडीतील विद्यार्थ्यांनी आम्हाला सांगितले होते की एकाच तिकिटावर पाच जणांना एक दिवस प्रवास करता येतो. ही सोय २०२४ च्या हिवाळ्यापासून बंद झाली. आता प्रत्येकाला स्वतंत्र तिकीट घ्यावे लागते आणि त्याचे दिवस सलग असतात. आम्ही गेलो तेव्हा तीन दिवसांचे तिकीट १०,००० येन आणि पाच दिवसांचे १२,०५० येन होते, म्हणजे पाच दिवसांच्या तिकिटात दिवसाला २,४१० येन पडतात. भारतीय रुपयांत संपूर्ण तिकीट साधारण ७,००० च्या घरात जाते. दोन दिवसांसाठी केवळ २,०५० येनचा फरक असल्याने आम्ही पाच दिवसांचे घेतले. नव्या तिकिटाचा एक लाभ असा की ते स्वयंचलित फाटकातून जाते. पूर्वीप्रमाणे कर्मचाऱ्याला दाखवून शिक्का मारून घ्यावा लागत नाही.

पहिल्या दिवशी सकाळी क्योतोहून ‘शिन्काइसोकु’ या जलद गाडीने निघालो. या गाडीला अधिभार नाही आणि ती दीड तासाच्या आसपास हिमेजीला पोचवते. कोबे मागे पडल्यावर डाव्या हाताला समुद्र दिसू लागतो आणि माइको स्थानकापाशी गाडी आकाशी सामुद्रधुनीवरील झुलत्या पुलाच्या थेट खालून जाते. डावीकडची खिडकी मिळाली तर अवश्य धरावी.

हिमेजीचा किल्ला १९९३ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि त्याचा मुख्य मनोरा १६०९ मध्ये पूर्ण झाला. सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला हा किल्ला प्रथम महालासारखा वाटतो. परंतु आतली वळणे घेत, शत्रूला मुद्दाम भुलवणाऱ्या वाटांवरून वर चढताना त्याची युद्धकला लक्षात येते. आत बूट काढून ते पिशवीत घालून हातात धरावे लागतात आणि जिने इतके उभे आहेत की पाठीवर मोठी सॅक घेऊन चढणे शक्यच नाही. सामान स्थानकावरील लॉकरमध्ये ठेवावे. आम्ही प्रत्येकी १,००० येन दिले होते, परंतु २०२६ पासून बाहेरून येणाऱ्यांसाठी दर वाढवण्याचे ठरले होते, तेव्हा निघण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा.

हिमेजीहून पुढे ओकायामाला जाताना आइओइ येथे गाडी बदलावी लागली. लांबलचक गाडीतून उतरलेली सर्व गर्दी समोरच्या चार डब्यांच्या लहान गाडीत शिरते. जागा मिळवण्यासाठी लोक अक्षरशः धावतात. पुढचा एक तास उभे राहायचे नसेल तर गाडी आइओइला पोचण्याआधीच दाराशी उभे राहावे.

ओकायामाला मुक्काम करण्याचा आग्रह माझा होता. पुण्यात सिंहगड रस्त्यावर असलेले पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन उद्यानावरून रचलेले आहे. लहानपणी रविवारी संध्याकाळी तिथल्या छोट्या पुलावर उभी राहून मी मासे पाहत असे. मूळ उद्यान पाहावे ही इच्छा जपानी भाषा शिकू लागले तेव्हापासून मनात होती. स्थानकापासून ट्रामने शिरोशिता थांब्यावर उतरून दहा मिनिटे चालले की आसाही नदी लागते, एका बाजूला काळ्या भिंतींचा ओकायामा किल्ला आणि पलीकडे उद्यान. १७०० मध्ये पूर्ण झालेले हे उद्यान पुण्याच्या उद्यानापेक्षा कितीतरी मोठे आहे. आत शिरल्यावर मला पहिल्यांदा ओळखीचे काहीच सापडेना. मार्चमध्ये हिरवळ हिरवी नसते. फेब्रुवारीत जुने गवत जाळतात, त्यामुळे विस्तीर्ण पटांगण करड्या-काळसर रंगाचे होते. मग पाण्याच्या अरुंद पाटाच्या कडेने चालत एका वळणावर आले आणि टेकडी, तळे, त्यामागे उसनी घेतल्यासारखी दूरची डोंगररेषा अशी ती रचना एकदम समोर आली. पुण्यात जिथे मी उभी राहत असे, तिथूनही दृश्य असेच उलगडत जाते. उद्यानाच्या मधोमध भाताचे एक लहानसे चौकोनी खाचर आणि थोडी चहाची लागवडही राखलेली आहे. सरदाराच्या विहारासाठी केलेल्या बागेत भाताचे खाचर असावे, याचे माझ्या जर्मन मित्रांना आश्चर्य वाटले, मला मात्र फार बरे वाटले. घाई असणाऱ्यांना हिमेजी आणि हिरोशिमा यांच्यामध्ये ओकायामा गाळण्याचा सल्ला सर्वत्र मिळतो. मराठी विद्यार्थ्यांनी, विशेषतः पुणेकरांनी, तो मानू नये.

दुसऱ्या दिवशी ओनोमिची येथे दुपारपर्यंत थांबलो. डोंगरउतारावरची देवळे आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद पायऱ्यांच्या वाटा पाहण्यासाठी तीन तास पुरतात. येथून इमाबारीपर्यंत बेटांना जोडत जाणारा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलमार्ग सुरू होतो. तो करायचा असल्यास एक संपूर्ण दिवस वेगळा काढावा, मधल्या वेळेत उरकण्याचा विषय तो नाही.

त्या दिवशी इतोझाकी येथे आमची फाटाफूट झाली. या भागातील अनेक लोकल गाड्यांची दारे आपोआप उघडत नाहीत, दाराशेजारचे बटण दाबावे लागते. आमच्यातील दोघे मागच्या डब्यात दार उघडण्याची वाट पाहत उभे राहिले, बटण कोणी दाबलेच नाही आणि ते बाहेर पडेपर्यंत समोरची हिरोशिमाकडे जाणारी गाडी आम्हा चौघांना घेऊन निघून गेली. एकाच्या फोनची बॅटरी संपलेली, दुसऱ्याच्या फोनला त्या क्षणी नेटवर्क नाही. चाळीस मिनिटे आम्ही पुढच्या एका छोट्या स्थानकावर उतरून थांबलो, ते मात्र आम्ही हिरोशिमातच भेटू असे समजून थेट पुढे गेले. त्या रात्री आम्ही एक नियम केला आणि तो शेवटपर्यंत पाळला : कोणी मागे राहिल्यास कोणीही मध्ये उतरायचे नाही, पुढच्या मुक्कामाच्या स्थानकावर मुख्य फाटकाबाहेर थांबायचे. गटाने जाणाऱ्यांनी हा नियम पहिल्याच सकाळी ठरवावा. तसेच गाडी बदलण्यासाठी वेळापत्रकात चार मिनिटे दाखवली असतील, तर सहा जणांसाठी ती अपुरी आहेत असे धरून त्यानंतरच्या गाडीचा हिशेब करावा. एकट्याने प्रवास करताना जे सहज जमते ते गटाला जमत नाही, आणि त्यात कोणाचा दोष नसतो.

हिरोशिमात दोन रात्री राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी अणुबॉम्बहल्ल्याची स्मृती जपणारे संग्रहालय उघडताच आत गेलो. प्रवेशशुल्क केवळ २०० येन आहे. ६ ऑगस्ट १९४५, सकाळी ८ वाजून १५ मिनिटे, हे आपण शाळेत पाठ केलेले असते. तेथे एका काचेमागे तीन चाकांची एक गंजलेली सायकल आहे. ती शिन्इचि तेत्सुतानी या चार वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलाची. तो त्याच दिवशी गेला. इतक्या लहान जिवाला एकट्याने दूरच्या थडग्यात ठेवणे वडिलांना सोसवेना, म्हणून त्यांनी त्याला घराच्या अंगणातच सायकलीसह पुरले आणि चाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, अवशेष कुटुंबाच्या थडग्यात हलवताना सायकल संग्रहालयाला दिली. सायकलीच्या दांड्याला मूठ उरलेली नाही, लोखंड सोलवटून खवल्यांसारखे झाले आहे आणि बैठक माझ्या गुडघ्यापर्यंतही येणार नाही इतकी खाली आहे. मी तेथे किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर आम्ही सहाही जण बराच वेळ बोललो नाही. आदल्या वर्षीच, २०२४ मध्ये, अणुबॉम्बपीडितांच्या ‘निहोन हिदानक्यो’ या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले होते आणि शाळकरी मुलांचे मोठे गट शांती उद्यानात आलेले होते.

संग्रहालयासाठी किमान दोन तास ठेवावेत आणि त्यानंतर लगेच काही ठरवू नये. आम्ही दुपारी जवळच्या मियाजिमा बेटावर गेलो, पण आमच्यातील एकीला त्या दिवशी दुसरे काहीच पाहावेसे वाटत नव्हते आणि ती उद्यानातच बसून राहिली. तिचे बरोबर होते. मला पुन्हा ठरवता आले, तर मी मियाजिमा आदल्या दिवशी संध्याकाळी ठेवीन आणि संग्रहालयाचा दिवस मोकळा सोडीन.

मियाजिमाची जेआरची फेरीबोट आपल्या तिकिटात येते, मात्र २०२३ पासून लागू झालेला १०० येनचा अभ्यागत कर वेगळा भरावा लागतो. समुद्रातील केशरी तोरी, म्हणजे देवळाची कमान, भरतीच्या वेळी पाण्यात उभी दिसते आणि ओहोटीला तिच्या पायथ्यापर्यंत चालत जाता येते. कोकण किनाऱ्यावर ज्यांचे आजोळ आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही की पौर्णिमा-अमावास्येला हा फरक सर्वाधिक असतो. आम्ही गेलो तो होळीचा दिवस होता, दुसऱ्या दिवशी फाल्गुन पौर्णिमा. दुपारी पाणी खूप मागे हटले होते आणि ओल्या वाळूवरून चालत आम्ही १६ मीटरहून उंच असलेल्या त्या तोरीच्या जाडजूड लाकडी खांबांपाशी पोचलो. खांबांच्या खालच्या भागावर शिंपल्यांचे थर होते आणि लोकांनी फटींमध्ये नाणी खोचलेली होती. घरी त्या वेळी पुरणपोळीची तयारी चालली असेल, असा विचार मनात येऊन गेला. जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचे तक्ते आधी पाहून वेळ ठरवावी.

शाकाहारी मंडळींसाठी दोन शब्द. मी अंडे खाते, मासे-मांस खात नाही. जपानमध्ये अडचण मांसाची नसून ‘दाशी’ची, म्हणजे माशांच्या अर्काची आहे. तो सूपमध्ये, सॉसमध्ये आणि कित्येकदा भाज्यांतही असतो. कोंबिनीमध्ये, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानांत, केवळ मीठ लावलेला ‘शिओ मुसुबी’ हा भाताचा गोळा मिळतो. तो, दही आणि केळी यांवर दिवस निघतो. हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीमध्ये कोबी, नूडल्स आणि अंडे यांचे थर असतात व मांस न घालण्याची विनंती ऐकली जाते, परंतु त्यावरील सॉस कडक शाकाहारी असेलच असे नाही. मी घरून आलेले मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सोबत ठेवली होती. तिसऱ्या दिवसानंतर चटणीचे गिऱ्हाईक मी एकटी राहिले नाही.

चौथा दिवस गाडीतच अधिक गेला. हिरोशिमा ते शिमोनोसेकी लोकलने चार तासांहून जास्त लागतात. परंतु त्या दिवसाचा शेवट मला संपूर्ण प्रवासात सर्वाधिक आवडला. शिमोनोसेकीहून बसने मिमोसुसोगावा येथे उतरावे. ११८५ मध्ये येथेच दान-नो-उराची सागरी लढाई झाली, जीत ताइरा कुळ संपले आणि बाल सम्राट अंतोकु बुडाला. त्याच जागी लिफ्टने खाली उतरले की समुद्राखालून जाणारा पादचारी बोगदा आहे. १९५८ मध्ये सुरू झालेला हा बोगदा ७८० मीटर लांब असून पायी जाणाऱ्यांना पैसे पडत नाहीत. सायकल ढकलत नेणाऱ्याला २० येन द्यावे लागतात. जमिनीवर एक आडवी रेघ आहे, तिच्या एका बाजूला यामागुची, दुसऱ्या बाजूला फुकुओका. पर्यटकांपेक्षा संध्याकाळचा फेरफटका मारणारे स्थानिक आजी-आजोबाच तेथे जास्त होते. पंधरा मिनिटांत आपण एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालत पोचतो. पलीकडे मोजीको येथील १९१४ चे लाकडी स्थानक अजूनही वापरात आहे, ते जरूर पाहावे.

पाचव्या दिवशी हाकाताला जाऊन आलो. त्यासाठी एक दिवस फार अपुरा आहे, एवढेच म्हणेन.

परतीसाठी आम्ही रात्रीची बस टाळून शिन-मोजी ते ओसाका ही रात्रीची बोट घेतली, आणि हाच सल्ला मी सर्वांना देईन. झोपायला बिछाना मिळतो, अंघोळीसाठी मोठे गरम पाण्याचे स्नानगृह असते, रात्रीच्या निवासाचा खर्च वाचतो आणि स्थानकापासून बंदरापर्यंत बोटकंपनीची मोफत बस असते. शनिवारी गर्दी होते, म्हणून सहा जागा एकत्र हव्या असतील तर दोन आठवडे आधी आरक्षण करावे. ओसाकाहून क्योतोपर्यंतचे भाडे तेवढे वेगळे द्यावे लागते, कारण सहाव्या दिवशी तिकीट संपलेले असते. बोटीवर गजर लावून सकाळी साडेसहाला डेकवर यावे. आम्ही आलो तेव्हा वारा बोचरा होता आणि जहाज आकाशीच्या पुलाखालून जात होते. डावीकडे किनाऱ्यालगत, पाच दिवसांपूर्वी आम्ही ज्या रुळांवरून पश्चिमेकडे निघालो होतो त्याच रुळांवरून, दिवे लागलेली एक लोकल माइकोकडे चालली होती.