तुम्ही विचारलंत म्हणून: आधी अंतर, मग धनुष्य

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात राहणारी मराठी मंडळी मला वरचेवर विचारतात, "धनुष्यबाणानं हरणाची शिकार शिकायची असेल तर सुरुवात कुठून करायची?" बहुतेकांना खरं तर धनुष्य कोणतं घ्यावं हे ऐकायचं असतं. माझं उत्तर वेगळ्या ठिकाणापासून सुरू होतं. आधी स्वतःचं अंतर ठरवा. ज्या अंतरावरून तुमचा बाण हवा तिथंच लागेल अशी तुम्हाला खात्री आहे, ते अंतर. धनुष्य, कपडे, झाडावरची बैठक, सगळं त्याच्या मागून येतं.

याचं कारण बाण जनावराला कसा मारतो यात आहे. बाणाच्या टोकाला जे पातं असतं, त्याला ब्रॉडहेड म्हणतात. ते रक्तवाहिन्या आणि फुफ्फुसं कापत जातं आणि हरीण रक्तस्रावानं मरतं. बंदुकीच्या गोळीसारखा दणका त्यात नसतो. दोन्ही फुफ्फुसांतून बाण आरपार गेला तर हरीण धावत सुटतं आणि काही सेकंदांत कोसळतं. तोच बाण वीतभर मागे लागला तर पोटात जातो आणि ते जनावर तासन् तास यातना भोगत मरतं. दोन्ही वेळा सोडणारा हात तोच असतो, फरक फक्त वीतभराचा.

आता या वीतभरात अंतर काय करतं ते पाहा. आजच्या कंपाऊंड, म्हणजे कडेला चाकं असलेल्या, धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण 280 फूट जातो. 20 यार्ड, म्हणजे 60 फूट, गाठायला त्याला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. 40 यार्डांना त्याच्या दुप्पट. आवाज मात्र सेकंदाला 1,100 फुटांच्या आसपास जातो, म्हणजे प्रत्यंचेचा आवाज हरणाच्या कानावर बाणाच्या कितीतरी आधी पडतो. सावध हरीण तो ऐकताच पळण्यासाठी पाय दुमडून खाली बसकण घेतं. 20 यार्डांवर त्याला फारसं खाली जायला वेळ मिळत नाही. 40 यार्डांवर ते इतकं खाली गेलेलं असतं की तुमचा अचूक नेम पाठीच्या वरच्या मांसात लागतो किंवा वरून निघून जातो. मैदानावर 50 यार्डांवरून कागदाला भोक पाडणारी माणसं मी पाहिली आहेत. कागद बसकण घेत नाही.

म्हणून नवख्यांना मी एकच कसोटी सांगते. जेवणाची नऊ इंची कागदी ताटली टांगा. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांची जागा साधारण तेवढीच असते. ज्या अंतरावरून तुमचा प्रत्येक बाण ताटलीत बसतो, ते तुमचं मैदानावरचं अंतर. जंगलात ते आणखी कमी धरा, कारण तिथं थंडीनं बोटं आखडलेली असतात, अंगात जाड जाकीट असतं आणि छातीत धडधड चालू असते. पहिल्या वर्षी 20 यार्डांच्या पुढे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सराव करतानाही पन्नास-साठ बाण सोडून हात थकवण्यापेक्षा, रोज घराबाहेर पडून अंग गरम न करता सोडलेला पहिला बाण कुठे लागतो ते लिहून ठेवा. जंगलात तुम्हाला तेवढा एकच मिळणार असतो.

धनुष्याबद्दल थोडक्यात. कंपाऊंड धनुष्य मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांनी 1960च्या दशकात घडवलं आणि 1969 मध्ये त्याचं पेटंट त्यांना मिळालं. कडेच्या चाकांमुळे दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच उतरतो. 40 पौंडांचं धनुष्य, म्हणजे जे ओढायला 40 पौंडांचा जोर लागतो ते, ताणून धरताना आठ-दहा पौंडच सांभाळावे लागतात, त्यामुळे नेम शांतपणे धरता येतो. साधं, चाकं नसलेलं रिकर्व्ह धनुष्य फार देखणं, पण त्याला काही वर्षांचा सराव लागतो. विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी किमान 30 पौंडांचा ताण आणि किमान पाऊण इंचाहून थोडं रुंद, म्हणजे 7/8 इंचाचं, धार लावलेलं पातं हा नियम आहे. बायका मला दबक्या आवाजात विचारतात, "एवढी ताकद माझ्यात आहे का?" आहे. 40 पौंड, धारदार पातं आणि 20 यार्ड, एवढ्यात बाण हरणाच्या छातीतून आरपार जातो. पुरुषांना उलट सांगावं लागतं: 70 पौंडांचं धनुष्य घेऊ नका. बसल्या जागी, दोरी आकाशाकडे न झटकता, सावकाश ओढता येत नसेल तर ते तुमचं धनुष्य नव्हे. दुकानात जाऊन हाताच्या लांबीप्रमाणे ते बसवून घ्या, आणि तुमचा प्रभावी डोळा, म्हणजे नेम धरताना जो आपोआप पुढाकार घेतो तो, उजवा की डावा हे आधी तपासून घ्या. ज्यांचे खांदे दुखतात त्यांच्यासाठी क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर बसवलेलं आडवं धनुष्य, आहे. 2014 पासून इथं तो सगळ्यांना वापरता येतो आणि त्यात कमीपणा काही नाही.

कायद्याचा भाग टाळू नका. 1 जानेवारी 1973 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला इथं शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. तो न करता आधी बघायचं असेल तर अनुभवी शिकाऱ्याबरोबर, त्याच्या हाताच्या अंतरात राहून शिकार करण्याची मुभा आहे. नवख्यासाठी ही सर्वात चांगली वाट. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्याला सुरू होऊन जानेवारीपर्यंत चालतो. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम लागतो, तेव्हा हातात धनुष्य असलं तरी अंगावर झगझगीत केशरी किंवा गुलाबी कपडे हवेतच. हरीण मिळालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत त्याची नोंद करावी लागते. व्हिसावर असलेले अनेकजण विचारतात म्हणून सांगते: बंदूक बाळगण्याबाबत अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात व्हिसाधारकांवर निर्बंध आहेत आणि त्यांना अपवादही आहेत. त्या कायद्यात धनुष्य बंदुकीत मोडत नाही.

आता जंगल. 20 यार्डांच्या आत हरीण येऊ द्यायचं तर वारा समजला पाहिजे. हरणाच्या नाकापुढे कुठलाही साबण, कुठलाही फवारा टिकत नाही. तुमचा वास ज्या बाजूला वाहतो, त्या बाजूनं हरीण येणार नाही अशी जागा धरायची. वारा पडलेला असला तरी हवा स्थिर नसते. सकाळी उन्हानं उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन ओढ्याकडे उतरते. टेकडीच्या पायथ्याशी संध्याकाळी बसलात तर वरून येणाऱ्या हवेबरोबर तुमचा वास खालच्या अख्ख्या खोऱ्यात पसरतो, आणि हे कळेपर्यंत हंगाम संपतो. मुठीत थोडं भुकटीसारखं काही घेऊन हवेत सोडत राहा आणि ती कुठे जाते ते पाहा. मला विचाराल तर या धंद्यातली निम्मी विद्या एवढीच आहे.

उरलेली निम्मी पायाखाली सापडते: ओकची फळं पडलेली जागा, लेंड्या, दाट झाडी आणि शेत यांच्या मधली पायवाट, नरानं शिंगं घासून साल सोललेली कोवळी झाडं, खुरानं उकरलेली माती. हे सगळं वाचायला सर्वात चांगला काळ मार्च-एप्रिल, पानं फुटण्याआधी. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात नर माजावर आलेले असतात आणि भरदिवसा फिरतात. हे दिवस थंडीवर नाही तर दिवसाच्या लांबीवर ठरतात, म्हणून दर वर्षी जवळपास त्याच सुमारास येतात. सुट्टी टाकायची तर तेव्हाच टाका.

झाडावर बसणार असाल तर जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा-पट्टा, दोराला अडकवलेला हवा. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीनं ओढून घ्यायचं. शिकाऱ्यांना खरी दुखापत होते ती झाडावरून पडून. यावर मी कुणाशी वाद घालत नाही, ज्याच्याकडे हार्नेस नसेल त्याला मी बरोबर नेत नाही. आणि गोचिड्या विसरू नका, इथल्या गोचिडीच्या चाव्यातून लाइम रोग होतो.

बाण कधी सोडायचा? हरीण आडवं उभं असेल तेव्हा, किंवा तुमच्याकडे पाठ करून थोडं तिरकं असेल तेव्हा. समोरून नाही, चालत असताना नाही, काटक्यांच्या आडून नाही. पुढचा फरा आणि त्याचं हाड टाळून, त्याच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. झाडावरून खाली नेम धरताना बाण पलीकडून कुठे बाहेर पडेल ते मनात धरून नेम घ्यायचा. बाण लागला की पुढचा अर्धा तास जागचं हलायचं नाही. मग बाण शोधायचा आणि त्यावरचं रक्त वाचायचं. गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुफ्फुसं. गडद तांबडं असेल तर यकृत, मग चार-सहा तास थांबा. हिरवट घाण आणि वास असेल तर पोट, मग आठ-दहा तास, रात्रभरही. लगेच मागे धावलात तर जखमी जनावर मैलभर पळतं आणि सापडत नाही. थांबणं हे त्या जनावराप्रती असलेलं आपलं कर्तव्य आहे.

सापडलं की आतडी लगेच काढायची, मांस थंड ठेवायचं. हरणाची चरबी मेणचट लागते, ती पूर्ण काढून टाका. मांडीच्या मांसाला आपला काळा मसाला आणि मंद आच चांगली मानवते. पाठीच्या कण्यालगतचं मांस मात्र जास्त शिजवू नका. पण त्याआधी तपासणी. विस्कॉन्सिनमध्ये 2002 मध्ये हरणांमधला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज पहिल्यांदा सापडला, आणि आमच्या या नैर्ऋत्य भागात तो बराच पसरला आहे. मेंदू पोखरणारा, औषध नसलेला रोग. मानेतल्या लसिका ग्रंथींचा नमुना राज्याचं खातं फुकट तपासून देतं. अहवाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये ठेवा, रोग निघाला तर खाऊ नका. माणसाला तो झाल्याची नोंद नाही, तरीही घरी लहान मुलं असताना मी धोका घेत नाही.

पुण्या-साताऱ्याहून आलेले नातेवाईक विचारतात, "मग आपल्याकडे का नको?" आपल्याकडे नको. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी असं मला वाटतं. तिथं चितळ-सांबर हे वाघ, बिबट्या आणि कोळसुंद्यांचं अन्न आहे. इथं लांडगे 1960 च्या सुमारास राज्यातून संपवले गेले, पुढे थोडे परतले, पण हरणं आता पंधरा लाखांवर आहेत. ती रोपं कोवळी असतानाच खाऊन टाकतात आणि कित्येक जंगलांत नवी झाडंच उठत नाहीत. धनुष्यावर अकरा टक्के केंद्रीय कर लागतो, तो राज्यांच्या वन्यजीव-कामाला जातो. या करामागचा 1937 चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आधी बंदुका आणि काडतुसांसाठी झाला, धनुष्यबाण त्यात 1970च्या दशकात आले.

आणि ही परंपरा याच मातीत रुजलेली आहे. 1934 मध्ये विस्कॉन्सिननं सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत फक्त धनुष्यासाठी हंगाम उघडला. आल्डो लिओपोल्ड, ज्यांनी अमेरिकेत वन्यजीव-व्यवस्थापन विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली, ते इथल्या राजधानीत, मॅडिसनमध्ये राहत, स्वतःची धनुष्यं स्वतः तासत, आणि त्यांची पत्नी एस्टेला तिरंदाजीत राज्याची महिला विजेती होती. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी एस्टेलाबद्दल सांगतेच.

तर ज्यांना खरंच सुरू करायचं आहे त्यांनी अजून काही विकत घेऊ नका. सुरक्षेच्या अभ्यासक्रमाला नाव घाला, मार्चमध्ये एखाद्या रविवारी माझ्याबरोबर जंगलात चालायला या, आणि मैदानावर माझं 40 पौंडांचं धनुष्य ओढून पाहा. ताटल्या मी आणते.