कपाळावरचा पांढरा डाग

आमच्या पशुरुग्णालयात आणलेल्या त्या शिंगराच्या प्रवेशपत्रावर ‘कारण’ या रकान्यात ‘आईने टाकलेले’ हे शब्द मी माझ्याच हाताने लिहिले. रात्रीचे 11 वाजून 20 मिनिटे झाली होती. गाडीच्या मागच्या भागात पोत्यांवर ते आडवे पडले होते, मान एका बाजूला कलली होती, आणि ज्या तरुणाने त्याला आणले होते तो त्याच्या डोक्याखाली स्वतःचा हात ठेवून बसला होता. शिंगराच्या तोंडात बोट घातले तर ते थंड लागले. तापमान 34.6 अंश भरले, जे निरोगी शिंगरात 37.2 ते 38.9 असायला हवे. हृदयाचे ठोके मिनिटाला 52 होते, म्हणजे या वयाच्या शिंगराचे असतात त्यांच्या जेमतेम निम्मे, आणि माणसांच्या मधुमेहासाठी वापरतात त्या छोट्या यंत्रावर रक्तातली साखर 24 दिसली. अशा वेळी कागद भरणे हा अडथळाच वाटतो. त्यातून आमच्या नोंदणी खिडकीवरच्या गृहस्थांना मालकाची सही मिळाल्याशिवाय उपचार-क्रमांक देता येत नव्हता, आणि मालक तर कुणीच नव्हता. मी स्वतःची सही ठोकली आणि आत गेले.

शिंगराचे वय किती तासांचे आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरवावे लागते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर अवलंबून असतात. जन्मताना शिंगराच्या खुरांच्या तळाला मऊ, पिवळट, रबरासारखी झालर असते. पोटात पाय झाडताना गर्भाशय फाटू नये म्हणून निसर्गाने केलेली ही सोय, आणि शिंगरू उभे राहून चालू लागले की ती थोड्याच वेळात झिजून आणि वाळून जाते. या शिंगराच्या पुढच्या खुरांची झालर घासली गेली होती, पण मागच्या खुरांना ती थोडी शिल्लक होती. नाळेचे टोक अजून ओलसर होते. म्हणजे ते कधीतरी उभे राहिले होते, थोडे चाललेही होते, आणि त्याला जन्मून दहा ते पंधरा तास झाले असावेत. मी हे सहायकाला लिहून घ्यायला सांगितले आणि पुढच्या कामाला लागले. शिंगरू उभे राहिले होते, तर ते कुणाजवळ उभे राहिले होते, हा प्रश्न त्या क्षणी माझ्या मनात आला नाही.

“डॉक्टर, मी थोडं दूध पाजलंय, पण नाकातून परत येतंय,” तो तरुण म्हणाला. मी श्वासनलिकेवर तळहात ठेवला तेव्हा आत घरघर जाणवली. आडव्या पडलेल्या, चोखण्याची शक्ती उरली नसलेल्या शिंगराच्या तोंडात बाटली पिळली की दूध पोटाऐवजी फुप्फुसात जाते, आणि तसेच काहीसे झाले होते. मी त्याला सर्वांदेखत जे बोलले ते आता आठवले तरी मला बरे वाटत नाही. तो काही न बोलता बाहेर जाऊन बाकावर बसला. शिंगराच्या नाकपुड्या, तोंड आणि कपाळ यांवर दूध वाळले होते. मी कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ते सगळे पुसून काढले. लालसर अंगाच्या त्या शिंगराच्या कपाळावरचा पांढरा डाग मला आधी जन्मजात चांद वाटला होता. फडक्याने तो निघून आला तेव्हा ‘इथपर्यंत दूध सांडलंय’ असे म्हणून मी आणखी चिडले.

गार पडलेले, भुकेले पिल्लू पाहिले की कुणाच्याही मनात दोन गोष्टी येतात, ऊब द्यावी आणि दूध पाजावे. या दोन्ही गोष्टी त्या वेळी चुकीच्या असतात, हे लोकांना समजावताना माझी अर्धी शक्ती खर्च होते. गार शरीरातले आतडे हलत नाही, त्याला रक्तही पुरेसे मिळत नसते, त्यामुळे पोटात गेलेले दूध पुढे न सरकता तिथेच नासते आणि पोट फुगते. आणि रक्तदाब सावरण्याआधी अंगावर दिव्याची प्रखर उष्णता दिली की कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आधीच कमी असलेले रक्त बाहेरच्या बाजूला पसरते आणि हृदय रिकामे पडते. म्हणून आधी शिरेतून कोमट सलाईन, मग साखर, मग हळूहळू पांघरुणे, आणि दूध सगळ्यात शेवटी.

मानेची शीर सापडणे हीच पहिली लढाई होती. रक्तदाब पडलेल्या शिंगरात ती भिजलेल्या फितीसारखी चपटी होते आणि बोटाने दाबली तरी फुगत नाही. केस काढून, कातडी तीन वेळा जंतुनाशकाने धुऊन, निर्जंतुक हातमोजे घालूनच मी सुई घातली. घाईच्या वेळी एवढा सोपस्कार कशाला, असे म्हणणारे सहकारी मी पाहिले आहेत आणि चौथ्या दिवशी त्यांच्या रुग्णांची सुजलेली, दोरीसारखी कडक झालेली शीरही पाहिली आहे. पहिल्याच प्रयत्नात रक्त आले, याचा अभिमान मी लपवणार नाही. वजन 38 किलो भरले होते, म्हणून किलोमागे 20 मिलीच्या हिशोबाने पाऊण लिटर सलाईन वीस मिनिटांत दिले, ठोके मोजले आणि तेवढेच पुन्हा दिले. साखर मात्र अशी एकदम ओतता येत नाही. किलोमागे मिनिटाला 4 मिलिग्रॅम धरले तर या शिंगराला तासाला 9 ग्रॅम लागत होते, म्हणजे 5 टक्क्यांच्या द्रावणाचे सुमारे 180 मिली. यासाठी थेंब मोजून सोडणारे यंत्र असते आणि ते आमच्याकडे आहेही, पण ते दुसऱ्या विभागाच्या कपाटात होते आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाकडे होती. एका मिलीला 20 थेंब पडणाऱ्या साध्या नळीतून तेवढे द्रावण द्यायचे, तर ते बरोबर सेकंदाला एक थेंब पडते. मी आणि सहायक पाळीपाळीने घड्याळ समोर धरून रात्रभर तो थेंब सांभाळत बसलो.

माझा तरुण सहकारी दोरी घेऊन आला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील जॉन मॅडिगन यांनी रूढ केलेली एक पद्धत आहे. जन्मानंतर गुंगीत राहणाऱ्या, आईला न ओळखणाऱ्या काही शिंगरांच्या छातीभोवती मऊ दोरी गुंडाळून सुमारे वीस मिनिटे दाब देतात, जन्ममार्गातल्या दाबाची ती नक्कल असते, आणि दोरी सोडल्यावर त्यांतली काही शिंगरे जणू नव्याने जन्मल्यासारखी उठतात. पद्धत खरी आहे आणि योग्य रुग्णात विलक्षणही आहे, पण आमच्या शिंगराच्या कानांच्या आतल्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके होते, हिरड्या गडद लाल होत्या, आणि त्याची गुंगी रक्तात शिरलेल्या जंतूंची, थंडीची आणि साखर संपल्याची होती. अशा छातीवर दाब देणे म्हणजे उरलासुरला श्वास काढून घेणे. मी नको म्हटले. तो खट्टू झाला. चमत्काराच्या चित्रफिती पाहून शिकलेल्या पिढीला थेंब मोजत बसणे हे उपचारच वाटत नाहीत, असे माझे मत झाले आहे, आणि ते थोडे अन्यायकारक आहे हेही मला कळते, कारण पहाटेपर्यंत दर दोन तासांनी शिंगराची कूस बदलून त्याला छातीवर टेकवून बसवण्याचे काम त्यानेच केले.

वरिष्ठांना दूरध्वनी केला तेव्हा त्यांनी सगळे आकडे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बेवारस जनावर आहे. किती गुंतायचं ते ठरवून घ्या.” त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. शिंगराला जन्मतः स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच. माणसाच्या बाळाला काही प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, आईच्या पोटातच मिळतात, पण घोडीच्या वारेतून ती पार होत नाहीत, त्यामुळे शिंगराचे सगळे संरक्षण पहिल्या चिकातून येते, आणि तो चीक शोषून घेणारा आतड्याचा दरवाजा सहा-आठ तासांनंतर मिटू लागतो व चोवीस तासांत बंद होतो. रक्ताच्या चाचणीत प्रतिपिंडांचे प्रमाण डेसिलिटरला 800 मिलिग्रॅमच्या वर हवे होते, ते 400 च्याही खाली निघाले. म्हणजे चीक पोटात गेलाच नव्हता.

ती प्रतिपिंडे आता शिरेतूनच द्यावी लागणार होती, आणि शीतकपाटात गोठवलेल्या प्लाझ्माची, म्हणजे ती ज्यात असतात त्या रक्तातल्या पातळ द्रवाची, एकच पिशवी होती. कधीही न व्यालेल्या, कधीही रक्त न चढवलेल्या घोड्याचा तो प्लाझ्मा दुसऱ्याच कुठल्यातरी मौल्यवान रुग्णासाठी राखून ठेवल्याची कुजबुज होती, पण पिशवीवर कुणाचे नाव नव्हते. ती वितळवायलाही धीर लागतो. पाणी हाताला कोमट वाटेल इतकेच ठेवावे लागते, जास्त तापले तर ज्या प्रथिनांसाठी हा खटाटोप, तीच नासतात. गाळणीच्या नळीतून पहिली दहा मिनिटे अगदी सावकाश प्लाझ्मा सोडला, थरथर किंवा धाप लागते का ते पाहिले आणि मग वेग वाढवला. 2 वाजून 40 मिनिटांनी शिंगराने लघवी केली. मूत्रपिंडे चालू असल्याचा पुरावा मिळेपर्यंत एक प्रतिजैविक मी हातात धरून ठेवले होते, ते आता देता आले. तापमान 36.9 वर आले होते.

पहाटे तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला बाहेर आले, तर तो तरुण अजून त्याच बाकावर बसला होता. मी केवळ काहीतरी चांगले बोलावे म्हणून विचारले, “याची आई कुठे दिसली नाही का हो?”

“आसपास नव्हती. मी शोधलं नाही फार. मला वाटलं, टाकून गेली असेल.” मग थोडे थांबून तो म्हणाला, “आणि मॅडम, मी दूध पाजलं ते चुकलंच. पण कपाळावर नव्हतं हो सांडलं. ते आधीपासूनच होतं, वाळलेलं.”

मी तशीच उभी राहिले. हे मी स्वतः विद्यार्थ्यांना शिकवते. शिंगराच्या कपाळावर वाळलेले दूध दिसले, तर त्याचा एकच अर्थ होतो. घोडी उभी आहे, कास भरली आहे, पान्हा फुटला आहे, शिंगरू कासेखाली तोंड नेते आहे, पण सड तोंडात धरून चोखण्याचे बळ त्याच्यात नाही, आणि आईचे दूध त्याच्या कपाळावर ठिबकते आहे. टाकून जाणारी घोडी कान मागे पाडते, लाथ झाडते, शिंगराला कासेजवळ येऊ देत नाही. ही घोडी उभी राहिली होती. शिंगरू आधी आजारी पडले होते आणि नंतर एकटे. तो पुरावा माझ्या समोर आला होता आणि मी तो ओल्या फडक्याने पुसला होता.

उजाडताच तो तरुण शोधायला गेला आणि नऊच्या आधी घोडीला घेऊन आला. तिच्या मागच्या पायांच्या आतल्या बाजूला दुधाच्या वाळलेल्या रेघा खुरांपर्यंत उतरल्या होत्या, कास दगडासारखी झाली होती आणि दाराशी येताच ती अशा घुमणाऱ्या, खालच्या आवाजात बोलू लागली, जो आवाज घोडी नवजात शिंगराशीच काढते. मी तिचे दूध काढून घनता मोजली. चांगल्या चिकाचा आकडा 20 च्या वर असतो, तिचा 12 भरला. चीक ठिबकून गेला होता. तरीही ते तिचेच दूध होते. नाकातून पोटापर्यंत घातलेल्या नळीने पहिल्यांदा 50 मिली दिले, दोन तासांनी पोटात काही साचलेले नाही हे पाहून 100 दिले.

मी तो प्रश्न रात्री साडेअकराला विचारला असता तर काय झाले असते, याचा हिशोब मी अनेकदा मांडला आहे. घोडी एक-दोन तासांत सापडली असती असे धरले, तरी तिचा चीक बहुधा तेव्हाच गळून गेलेला होता, शिंगराचे आतडे गार आणि रक्तहीन होते, आणि मी स्वतःच पहाटेपर्यंत त्याच्या पोटात काही जाऊ दिले नसते. कागदावर हा फरक शून्याच्या जवळ येतो. तो शून्य मात्र येत नाही, आणि माझी गाडी तिथेच अडते. आमच्या प्रवेशपत्रावर मालकाचे नाव, पत्ता, दूरध्वनी, पैसे कोण भरणार, एवढे सगळे रकाने आहेत. नवजात पिल्लाच्या आईसाठी एकही रकाना नाही. मी तशी लेखी सूचना दिली, तेव्हा नमुना बदलण्याचा अधिकार आपल्याकडे नसल्याचे उत्तर मिळाले.

आज सहावा दिवस आहे. तिसऱ्या दिवशी शिंगरू आधाराने उभे राहिले, चौथ्या दिवशी त्याने स्वतः सड धरला. घोडी अजूनही मला त्याच्याजवळ सहज जाऊ देत नाही, आधी माझी पाठ हुंगते. काल संध्याकाळपासून शिंगराच्या पुढच्या उजव्या पायाचा गुडघा कोमट आणि भरलेला लागतो आहे आणि ते त्या पायावर भार देत नाही. माझा सहकारी म्हणाला, “रात्री आईचा पाय पडला असेल.” नवजात शिंगरू लंगडले की सगळे हेच म्हणतात. मी सांध्यातले पाणी काढले. ते मधासारखे पारदर्शक असायला हवे होते, ते गढूळ निघाले. रक्तातले जंतू तिथे जाऊन बसले आहेत. उद्या सकाळी भूल देऊन सांधा धुणार आहे, आणि तेवढा वेळ घोडीला दाराबाहेर न नेता तिथेच, त्याच्या डोक्याजवळ, उभी राहू द्या असे मी सहायकाला सांगून ठेवले आहे.