पिंपाचा स्मोकर: झाकण बसलं, हवा ताब्यात आली

लोखंडी पिंपात कोळशाच्या मंद आचेवर, धुरात मांस शिजवायचा स्मोकर मी स्वतःच बनवतोय. मागच्या वेळी गाडी पिंपापाशीच अडली होती. ते मिळालं. भंगारात २०० लिटरची पिंपं ढिगाने असतात, पण बहुतेक ऑइलची, थिनरची नाहीतर कसल्यातरी केमिकलची. त्यांना हात लावू नये, हे माझं ठाम मत. कापताना आत राहिलेल्या वाफेचा भडका उडू शकतो, आणि तो टळला तरी पत्र्यावर काय बसलंय याची खात्री कोण देणार? माझं पिंप आंब्याच्या पल्पचं आहे. पल्प निर्जंतुक पिशवीत भरतात आणि ती पिशवी पिंपात ठेवतात, त्यामुळे पत्र्याला पल्पसुद्धा लागलेला नसतो. शिवाय अख्खं उघडणारं झाकण आणि वरून आवळायची रिंग आयती येते. भंगारवाल्याला "पल्पचं, झाकण-रिंगसकट" एवढं सांगून ठेवा, दोन पैसे जास्त मागेल, द्या.

भोकं आधी, जाळणं नंतर. हवा आत यायला तळापासून दोन इंचांवर पाऊण इंची चार भोकं स्टेप ड्रिलने पाडली. पत्रा जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर, साधं ड्रिल लावलं तर कडा फाटते. सातपूरच्या फॅब्रिकेशनवाल्या काकांनी विचारलंच, "बंब करताय का?" मी हो म्हटलं, समजावत कुठे बसू! तीन भोकांना निपल (आखूड नळी) आणि कॅप, चौथ्याला बॉल व्हॉल्व (हवा कमी-जास्त करायचा नळ), आतून चेकनट (आवळायचा चपटा नट). मग वस्तीपासून लांब नेऊन आत बाभळीची लाकडं पेटवली आणि आतलं अस्तर पार जाळलं. तो धूर वाईट असतो, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहा. उरलेली खपली ग्राइंडरच्या वायर ब्रशने निघाली. बाहेरून उष्णतारोधक काळा रंग, आतून फक्त शेंगदाण्याचं तेल.

कोळशाची टोपली जाळीच्या काळ्या पत्र्याची: व्यास चौदा इंच, उंची दहा, खाली तीन इंची पाय आणि राखेसाठी लोखंडी परात. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेली, जाळी स्वस्त पडते म्हणून कोणी घेऊ नका. जस्त ४१९ अंशांना वितळतं, ९०७ ला उकळतं, आणि त्याचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. मांसाची जाळी स्टेनलेसची, टोपलीच्या तळापासून दोन फुटांवर. मध्ये आडवा पत्रा ठेवलेला नाही. चरबी निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो, त्यासाठी तर पिंपाचा खटाटोप!

आता खरं काम: झाकण. मूळ रबर काढावंच लागतं, ते जळतं. काढलं की रिंग आवळूनही फट राहते, आणि बॉल व्हॉल्व कितीही फिरवा, कोळसा आपल्या मनाने पेटत राहतो. उदबत्ती घेऊन सगळ्या सांध्यांभोवती फिरलो. खाली दोन चेकनटांपाशी धूर सरळ आत खेचला जात होता. तिथे उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन भरलं. झाकणाच्या खाचेत ग्लास फायबरची दोरी त्याच सिलिकॉनने चिकटवली. हार्डवेअरच्या दुकानात दोरी मागितली की अॅसबेस्टॉसची पुढे करतात. ती परत करा, ग्लास फायबरचीच मागा. झाकणावर दोन इंची एकच धुराडं. ते कायम पूर्ण उघडं, ताबा फक्त खालून. धूर आत कोंडला की मांस कडू लागतं.

पेटवायची पद्धत जिम मिनियन या अमेरिकन माणसाच्या नावाने ओळखली जाते: टोपली न पेटलेल्या कोळशाने भरायची आणि वर मूठभर रसरशीत निखारे टाकायचे. आग वरून खाली सरकते. रिकाम्या पिंपावर घेतलेल्या चाचणीत तिन्ही कॅप बंद, व्हॉल्व अर्धा उघडा ठेवून जाळीपाशी १२० अंश टिकले. तापमापक पत्र्यात खोचला तर मधल्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणून मी तार जाळीच्या मध्यापर्यंत नेली आहे. झाकण मात्र उगाच उघडू नये. हवा भसकन आत शिरते आणि बंद केल्यावरही पारा बराच वेळ चढाच राहतो.

लाकूड पेरूचं आणि आंब्याचं, वाळलेलं, मुठीएवढे तुकडे. नाशिकला द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या फुकट मिळतात आणि सगळे तेच सुचवतात. पण त्या काड्यांवर वर्षभर बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) आणि बाकीच्या फवारण्या झालेल्या असतात. मी नाही घेणार.

पहिल्यांदा कोंबडीच्या तंगड्या, कारण स्वस्त. त्यानंतर बोकडाचा खांदा. आपलं बोकड अंगाने सुकं, मांडी कोरडी पडेल. खांद्यात चिवट धागे जास्त, मांस आतून ९० अंशांपर्यंत हळूहळू नेलं की ते विरघळून मऊ होतात. मध्ये ६५-७० च्या आसपास पारा अडून बसेल, कारण पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. तेव्हा आच वाढवायची नाही, बसून राहायचं.

पावसाळ्याआधी दोन कामं उरलीत: झाकणाला लाकडी मूठ आणि पिंप विटांवर चढवणं. राख ओली झाली की तळ गंजतो, म्हणून ती दर वेळी काढायचीच. करवंटीच्या कोळशाच्या ब्रिकेटवर (दाबून केलेल्या वड्यांवर) कोणी पिंप चालवलं असेल, तर राख किती पडते आणि परात किती वेळात भरते, तेवढं कळवा.