मी तिथे असते तर

22 जुलै 2021 ला सकाळी सहाला उठले तेव्हा इथे इटलीत, तोरिनोत लख्ख उजाडलं होतं आणि चिपळूणचा एकही फोन लागत नव्हता. भावाचा पहाटेचा मेसेज तेवढा होता: 'वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलंय. आईबाबांना वर नेतोय.' त्यानंतर सगळं गप्प. दुपारी जिन्यात समोरच्या सिन्योरा, म्हणजे शेजारच्या बाई, भेटल्या. त्यांना सांगता सांगता माझ्या तोंडून मोडक्या इटालियनमध्ये निघालं, 'से सारेइ ली...' मी तिथे असते तर. त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, 'से फोस्सी ली.' चूक काढायची म्हणून नव्हे. माझ्या वतीनं नीट म्हटलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावाचा फोन आला. माणसं सुखरूप होती, तळमजल्यावर गुडघाभर चिखल होता.

ते 'फोस्सी' मला हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गात पुन्हा भेटलं. फळ्यावर मथळा होता 'कोंजुन्तीव्हो इम्पेर्फेत्तो', म्हणजे इच्छा, शंका, 'असं असतं तर' यांसाठीचं क्रियापदाचं भूतकाळी रूप. रूपं करायला अवघड नाहीत. पार्लारे, म्हणजे बोलणे, त्याचं पार्लास्सी, पार्लास्सी, पार्लास्से, पार्लास्सिमो, पार्लास्ते, पार्लास्सेरो. तो 'स्स' आपल्या रस्स्यातल्यासारखा दाबून म्हणायचा. वाकडी चालणारी क्रियापदं थोडीच: एस्सेरेचं (असणे) फोस्सी, स्तारेचं (राहणे) स्तेस्सी, दारेचं (देणे) देस्सी, फारेचं (करणे) फाचेस्सी, दीरेचं (म्हणणे) दिचेस्सी, बेरेचं (पिणे) बेव्हेस्सी. इस्त्री करता करता आठवड्याभरात पाठ झाली.

अडलं ते माझ्या मराठीपाशी. 'वेळ असता तर मी आले असते.' आपल्याकडे 'तर'च्या अलीकडे 'असता', पलीकडेही 'असते'. त्यामुळे डोकं आपोआप दोन्हीकडे एकच रूप ठेवतं: 'से आव्ह्रेइ तेम्पो, व्हेर्रेइ'. इटालियनला ते मुळीच चालत नाही. 'से'च्या, म्हणजे 'जर'च्या बाजूला कोंजुन्तीव्हो, परिणामाच्या बाजूला दुसरंच रूप: 'से आव्हेस्सी तेम्पो, व्हेर्रेइ'. हीच चूक इथली मुलंही करतात आणि शाळेत बोलणी खातात, असं आमच्या प्रोफनी, म्हणजे वर्गाच्या शिक्षकांनी सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं.

दुसरी गाठ 'मला वाटलं'ची. मला वाटलं दुकान बंद आहे. वाटून गेलं तरी आपलं दुकान 'आहे'तच राहतं. इटालियनमध्ये वाटणं भूतकाळात गेलं की दुकानही मागे न्यावं लागतं: 'पेन्साव्हो के इल नेगोत्सियो फोस्से क्यूझो'. तसंच 'तू यावंस'. तू यावंस असं वाटतं, वाटत होतं, आपलं 'यावंस' जागचं हलत नाही. त्यांचं मात्र आज 'व्हेंगा', काल 'व्हेनीस्सी'. शिवाय मी आणि तू, दोघांनाही 'व्हेनीस्सी'च. म्हणून एरवी सर्रास गाळला जाणारा 'तू' इथे बहुतेक वेळा बोलावून आणावा लागतो.

पण ज्यासाठी लिहायला बसले ते वेगळंच आहे. प्रोफनी आम्हाला आयुष्यातला एक दिवस 'से' वापरून लिहायला सांगितला होता. मी पुराचा लिहिला. पहिलंच वाक्य, 'से फोस्सी स्ताता ली'. त्यांनी वहीवर बोट ठेवून विचारलं, हे कधीचं वाक्य? फोन लागत नव्हता तेव्हाचं, की लागल्यानंतरचं?

मला उत्तर देता येईना. 'मी तिथे असते तर' हे मी दोन्ही दिवशी म्हणाले होते, अगदी याच शब्दांत. शाळेत संकेतार्थ शिकले तो 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं' एवढ्यावर. हे 'असते' आत्ताचं की होऊन गेलेलं, हे मराठीत ऐकणारा प्रसंगावरून ओळखतो, आणि त्यात मला कधी काही कमी वाटलं नव्हतं. इटालियनमध्ये ते बोलणाऱ्यालाच ठरवावं लागतं. पाणी चढत असताना 'फोस्सी'. ओसरल्यावर 'फोस्सी स्ताता'. जिन्यातल्या सिन्योरांनी त्या दुपारी नेमकं पहिलं म्हटलं होतं. त्यांच्या लेखी चिपळूणचं पाणी अजून चढत होतं, माझी माणसं अजून वरच्या मजल्यावर होती. वर्गात मी वाक्य खोडलं, 'से फोस्सी ली' लिहिलं, आणि पुढचं पानभर न थांबता लिहीत गेले.

(हे रूप लॅटिनच्या एका भूतकाळी रूपावरून आलंय. प्रेम करणे या अर्थाचं लॅटिन 'आमाव्हिस्सेम' झिजून इटालियन 'आमास्सी' झालं. होऊन गेलेल्यासाठीचा शब्द आत्ताच्या इच्छेला कामी आला, हे मला फार आवडतं.)

2022 च्या जुलैत इथे पो नदी आटली होती. गेल्या 70 वर्षांतला सगळ्यात वाईट दुष्काळ, असं रोज बातम्यांत. पोर्ता पालात्सोच्या बाजारात कोथिंबीर घेताना मी भाजीवाल्याला म्हटलं, उद्या पाऊस आहे म्हणे. त्यानं आभाळाकडे बघून हात जोडले. 'मागारी प्योव्हेस्से!' मागारी हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ धन्य. पडला तर धन्य होऊ! आदल्या वर्षी याच महिन्यात मी पाऊस थांबावा म्हणून विनवत होते. तेव्हा हे रूप येत असतं तर म्हटलं असतं, 'मागारी स्मेत्तेस्से'.

घरी येऊन आईला फोन लावला. तिच्यामागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"नदीला किती पाणी आहे गं?"

"पुलाच्या खालूनच चाललंय," ती म्हणाली. "तू जेवलीस का?"