सेकंडहँड फोटो-बॅकअप प्लेयर : सिनेमा नंतर, कार्ड आधी

ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो बघायला जाणारी बोट भरती-ओहोटी बघून सुटते. थवा जवळ आला की कार्ड कधी भरलं ते कळतही नाही, आणि खाऱ्या वाऱ्यात लॅपटॉप उघडायची इच्छा होत नाही. म्हणून 40 जीबीची हार्ड डिस्क, सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) आणि एसडी या मेमरी कार्डांचे स्लॉट असलेला, कार्डावरचे फोटो थेट आपल्या डिस्कवर उतरवणारा एक जुना व्हिडिओ प्लेयर तपासायला घेतला. विकणारा आधी सिनेमा लावून दाखवतो. तो बाजूला ठेवून मी कार्डापासून सुरुवात केली.

2 जीबीचं साधं एसडी कार्ड लगेच उघडलं, 8 जीबीचं उघडेना. कार्डात दोष नव्हता. ते एसडीएचसी, म्हणजे 2 जीबीहून मोठ्या एसडी कार्डांच्या प्रकारातलं, आणि तो प्रकार आला 2006 मध्ये. त्याआधीच्या स्लॉटला ते ओळखताच येत नाही, कितीही वेळा फॉरमॅट करा. सीएफचं 4 जीबी कार्ड मात्र बिनतक्रार चाललं.

पहिली कॉपी चार्जर न लावता करावी. सिनेमा बघताना डिस्क थोडा डेटा मेमरीत घेऊन थांबते, कॉपी करताना मात्र कार्ड आणि डिस्क दोन्ही सतत चालू राहतात. त्यामुळे खोक्यावर छापलेले सिनेमाचे तास इथे कामाचे नाहीत. एकदा पूर्ण चार्ज करून तेच कार्ड प्लेयर बंद पडेपर्यंत पुन्हा पुन्हा उतरवायचं आणि बॅटरी कार्डांत मोजायची. सेकंदाला 3 एमबी वेग मिळाला, तर 2 जीबीला अकरा मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. जुन्या लिथियम सेलचा काटा अर्ध्यावरून एकदम खाली येतो, म्हणून अर्ध्या बॅटरीवर नवीन कार्ड लावू नये. मागचं झाकण फुगलेलं दिसलं तर पुढे काही तपासूच नये.

मग मुद्दाम खोडी काढली : कॉपी चालू असताना कार्ड उपसलं. चांगल्या यंत्राने चूक दाखवावी आणि अर्धवट फोल्डर वेगळा राहावा. ह्या यंत्राने चूक दाखवली, पण शेवटची फाइल तुटकी ठेवली. लघुचित्रांत ती सगळ्यांसारखीच दिसत होती. कारण रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या कच्च्या फोटो-फाइलच्या) आतच छोटा जेपेग असतो आणि प्लेयर तोच दाखवतो. म्हणून पडद्यावर फोटो दिसला म्हणजे उतरला, असं धरू नये. घरी यूएसबीने जोडून कार्डावरच्या आणि डिस्कवरच्या फाइलींचे एमडी5 चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जुळवले, तेव्हाच खात्री पटली. कॉपी झाल्यावर कार्ड पुसण्याचा पर्याय मेनूत असेल तर तो आधी बंद करावा. प्रत्येक कॉपीला नवा फोल्डर होतो का, तेही बघावं. 9999 नंतर कॅमेरा पुन्हा 0001 पासून नावं देतो आणि एकच फोल्डर असेल तर जुने फोटो गेलेच.

फिरत्या डिस्कला हादरे मानवत नाहीत. बोट किंवा रिक्षा चालू असताना कॉपी नको. बोटीच्या धक्क्याला उतरून, सावलीत बसून करावी. उन्हात तसाही पडदा दिसत नाही. कटकट आवाज आला तर डिस्क बदलायची. आत 2.5 इंची आयडीई (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क असेल, तर 44 पिनांच्या अडॅप्टरवर सीएफ कार्ड बसतं, कारण दोन्हींची जोडणी मुळात एकच. काही प्लेयरांचं फर्मवेअर (यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) डिस्कवरच असतं, म्हणून जुनी डिस्क चालते आहे तोवरच तिची हुबेहूब प्रत घ्यावी.

सिनेमाचं थोडक्यात : एच.264 प्रकारचा व्हिडिओ चालत नाही. एक्सव्हिड, 640×360, एमपी3 आवाज, एव्हीआय अशी फाइल करावी. एक्सव्हिडमधले क्यूपेल आणि जीएमसी हे पर्याय बंद ठेवावेत, नाहीतर चित्र फाटतं. डिस्क फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेली असल्याने एक फाइल 4 जीबीच्या आत हवी.