सातचा भागाकार

आज भाचीला दशांश अपूर्णांक शिकवत होतो. १ ला ७ ने भागलं, तर ०.१४२८५७ आणि पुढे तेच सहा अंक परत परत. म्हटलं, आता १४२८५७ ला २ ने गुण बघू. २८५७१४! ३ ने? ४२८५७१! सहापर्यंत अंक तेच, नुसते फेर धरून फिरतात. ७ ने गुणल्यावर मात्र थेट ९९९९९९. पोरीने वहीच ओढून घेतली.

मग १४२८५७ चा वर्ग केला: २०४०८१२२४४९. त्याचे तुकडे २०४०८ आणि १२२४४९, बेरीज पुन्हा १४२८५७! अशांना कापरेकर संख्या म्हणतात, देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांच्या नावावरून. (ताई ओरडली, गृहपाठ तसाच राहिलाय.) भाची आता १ ला १३ ने भागत बसलीये.