वेर्ण्याची नोकरी आणि रेझ्युमे गिळणारा अर्ज : माझा अनुभव

गोव्यात कुंडईच्या एका प्रयोगशाळेत काही वर्षे काढल्यानंतर मी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील औषधनिर्मिती कंपन्यांच्या गुणवत्ता नियंत्रण विभागांत अर्ज करू लागलो. रेझ्युमेचा मजकूर एका बैठकीत लिहून झाला. खरा छळ केला तो एका कंपनीच्या संकेतस्थळावरील अर्जाने, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

त्या अर्जात रेझ्युमेची फाइल चढवली की प्रणाली त्यातील माहिती स्वतःच उचलून रकाने भरते. माझा रेझ्युमे फोंड्याच्या एका झेरॉक्सवाल्याने मोठ्या हौसेने सजवला होता: डावीकडे निळा पट्टा, त्यात छायाचित्र आणि कौशल्यांपुढे भरलेले-रिकामे ठिपके, उजवीकडे अनुभव, आणि नाव व दूरध्वनी पानाच्या शीर्षपट्टीत. प्रणालीने शीर्षपट्टी वाचलीच नाही, त्यामुळे नावाचा रकाना रिकामा राहिला. दोन्ही स्तंभांतील ओळी एकमेकींत मिसळल्या, त्यामुळे कंपनीच्या नावाच्या जागी ‘एचपीएलसी’ हे प्रयोगशाळेतील उपकरणाचे संक्षिप्त नाव आले आणि पदवीचे वर्ष नोकरीला रुजू झाल्याची तारीख होऊन बसले. सगळे हाताने दुरुस्त करून पुढच्या पानावर जावे, तर वेळ संपल्याचा संदेश येई आणि रकाने पुन्हा कोरे होत. मदतीसाठी दिलेल्या पत्त्यावर लिहिले, तर संगणकाने पाठवलेली पोच तेवढी आली. सगळे टंकूनच घ्यायचे असेल, तर फाइल मागता कशाला?

मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या एका वर्गमित्राने शेवटी सोपी परीक्षा सांगितली. पीडीएफमधील सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा. तेथे तो ज्या क्रमाने दिसेल, साधारण त्याच क्रमाने प्रणाली वाचते. माझ्या नोटपॅडमध्ये खिचडीच होती. मग मी निळा पट्टा, तक्ता आणि ठिपके काढले, एकच स्तंभ ठेवला, नाव मुख्य मजकुरात आणले, ‘शिक्षण’, ‘अनुभव’, ‘कौशल्ये’ या अर्थाचे नेहमीचे इंग्रजी मथळे दिले, अलीकडची नोकरी आधी घेतली आणि सर्व तारखा महिना-वर्ष अशा एकाच पद्धतीने लिहिल्या. कॅलिब्री 11 हा टंक पुरला. पीडीएफ वर्डमधूनच काढावी. छापील प्रत स्कॅन केली तर ते नुसते चित्र होते. यानंतर रकाने जवळजवळ बिनचूक भरले आणि मला परीक्षा पास झाल्याइतका आनंद झाला.

जाहिरातीत उपकरणाचे पूर्ण नाव असेल, तर तेही लिहावे आणि संक्षेपही. ‘चाचण्यांची जबाबदारी सांभाळली’ या वाक्यातून काहीच कळत नाही; कोणती उपकरणे स्वतः हाताळली, डिसोल्यूशनच्या, म्हणजे गोळीतील औषध विरघळण्याच्या, चाचण्या केल्या का, यूएसएफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेच्या तपासणीच्या वेळी कोणत्या नोंदी दाखवल्या, हे लिहावे. वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि तळाचे ‘वरील माहिती सत्य आहे’ हे प्रतिज्ञापत्र मी वगळले. झेरॉक्सवाल्याला ते मुळीच रुचले नाही, पण खाजगी कंपनीत त्याविना कोणाचे अडले नाही. पाळीत काम करण्याची तयारी मात्र मी आवर्जून लिहिली. सरकारी नोकरीचे शास्त्र वेगळे: गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या अर्जापुढे असा रेझ्युमे कामाचा नाही, तेथे पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला आणि कोकणीचे ज्ञान लागते.

वेर्ण्याला मुलाखतीस बोलावले, तेव्हा समोरच्या साहेबांच्या हातात माझा रेझ्युमे नव्हताच. त्याच प्रणालीने रकान्यांतून छापलेला कागद होता आणि त्यात माझ्या गावाचे नाव अर्धवट तुटले होते. मी पिशवीतून माझी प्रत काढून दिली आणि पुढची सगळी मुलाखत त्याच प्रतीवरून झाली. म्हणून दोन छापील प्रती बरोबर न्याव्यात, कारण आत दोघेजण बसलेले असतात.